टाचेची भेग

सावळजच्या फाट्यावर, टायरवाल्याच्या बोळात आमचं शेड.
पाटी अजून आजोबांच्याच नावाची:
दादू शिकलगार. धार लावून मिळेल.
लोक येतात ते गेटसाठी,
फवाऱ्याच्या मोडक्या दांडीसाठी.

चैतात खराड्यांची इंदुमती आली
बेदाण्याच्या शेडवरून थेट, पदराला गंधकाचा वास.
"ट्रॅक्टर चोवीस एचपीचा, बागेच्या ओळीत मावतो तेवढाच.
पुढचा लोडर तीनशे उचलतो, कागदावर.
मिरजेच्या भंगारातनं फोर्क आणले, मोठ्या यंत्राचे, भरीव.
पॅलेट जरासं हललं
आणि मागची चाकं अशी वर आली,
म्हैस उठताना आधी ढुंगण उचलते तशी."

काट्यावर ठेवले. फ्रेमसकट एकशे बारा.
पेट्या आणि पॅलेट मिळून दोनशे अठ्ठावीस.
अब्बा खाटेवरून म्हणाले,
"पंगतीत आधी वाढपीच जेवला की गं."

अब्बांना आता नीट दिसत नाही.
चाळीस वर्षं ठिणगीकडं बघून डोळ्यांत कायमची रेती.
पण आजोबांचं एक वाक्य ते अजून घासून चकचकीत ठेवतात:
धार लावायची नसते, पोरी. लोखंड काढायचं असतं.

मग मी काढत गेले.
भरीव पट्टीच्या जागी चौकोनी पाइप, पाच एमएमचा.
टोकाला ट्रकच्या पाट्याचा तुकडा, निमुळता,
पॅलेटच्या फटीत जिभेसारखा शिरणारा.
मागच्या फ्रेमला भोकं पाडली, एवढी
की पलीकडचं डाळिंबाचं झाड दिसायला लागलं.
दोनदा लाइट गेली. एकदा रॉड संपले.
छप्पन्न भरलं. निम्म्यावर! मी काटा पुसून पुन्हा बघितला.

वाळूची पोती घातली, साडेचार.
ट्रॅक्टर चारी पायांवर उभा.
इंदुमतीनं टाळीच वाजवली.
"खाली घे," अब्बा म्हणाले, "हातोडी दे."
टोकाला टण्ण. मध्ये टण्ण.
आणि जिथं आडवा फोर्क वळून उभा होतो, त्या टाचेवर
थप्प.
बॅटरी धरली. केसाएवढी भेग.

पोती भरायला आलेली हौसाबाई तिथंच बसली,
चप्पल काढून पाय पुढं केला.
"ही बघ माझी. पंधरा किलोची पेटी, दिवसाला दोनशे,
सतरा वर्सं. मीबी हलकीच हाय की, एकेचाळीस किलो.
मी मेण भरती हिच्यात. तू काय भरशील?"

भरून चालत नाही, मावशी, म्हटलं.
ग्राइंडरनं भेग मुळापर्यंत खोदली,
मग वेल्ड, मग दोन्ही अंगांना तिकोनी पट्टी.
वळणापाशी मी जास्तच काढलं होतं.
सगळा भार जिथं येऊन उभा राहतो
तिथं लोखंड परत द्यावं लागतं.
चार किलो दिलं. साठ झालं.
तिच्या टाचेत द्यायला माझ्याकडं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला दगडांची पेटी अडकवून
भरलेलं पॅलेट उचललं. गेलं, ओळीतनं हळूहळू.
हौसाबाई शेजारून चालली, पेट्यांवर हात ठेवून,
बैल नवखा असला की चालतात तशी.
"आता मी काय उचलू?" तिनं विचारलं.
इंजिनाच्या आवाजात इंदुमतीला ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं.

संध्याकाळी अब्बा म्हणाले, बिल कसं लावलंस?
किलोवर, मी म्हटलं. सगळे लावतात तसं.
साठ किलोचे.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "आणि काढलेल्याचे?"
काटा रिकामा होता. सुई तरी थोडी हलत होती,
टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चालू होता म्हणून.